परत आलेली ओटी

परंडा, माघ शुद्ध ७, शके १८६५

ती. सौ. विमलताईस सरोजचा नमस्कार.

तुझं पत्र आज आलं, पण बातमी आमच्याकडं परवाच पोचली होती. कचेरीच्या ओट्यावर कोण कुठं बदलून येणार हे त्या माणसाच्या आधी चपराशांना कळतं. भावोजी कळंबहून अदालतीचे मुन्सफ म्हणून परंड्यालाच येणार हे ऐकून मी साहेबांना म्हटलं, आता बघा, आमच्या मावसबहिणीचा संसार आमच्या दारात येणार.

ताई, खरं सांगू? आनंद झाला आणि पोटात जरा दुखलंही. आई गेल्यावर मावशीनं मला उचलून तुळजापुरी तुमच्या घरी आणलं, तेव्हापासून तुझं आधी आणि माझं मागून असंच चालत आलंय. तुझं परकर-पोलकं तोकडं झालं की माझं. तुझं पुस्तक संपलं की माझं. देवीच्या अंगाऱ्याचं बोटसुद्धा मावशी आधी तुझ्या कपाळाला लावायची. परंड्यात मात्र मी आधी आले आहे. इथं तहसीलदारीणबाई बाजारातून निघाली की दुकानदार उठून उभे राहतात. हे तुला दाखवायची हौस मी तीन वर्षं बाळगून आहे.

उतरायचं आमच्याच बंगल्यावर. चार खोल्या रिकाम्या आहेत. दोघी पोरी तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसल्यात. परंडा कोरडा गाव असला तरी आपल्याकडं पाण्याची ददात नाही. बंगल्याला लागून एका बाईचा पानमळा आहे, त्यातली विहीर साहेबांनी सरकारी कामाला घेतली आहे. त्या पाण्यावर मी मोगरा लावलाय. चैत्रातल्या हळदीकुंकवाला प्रत्येकीला घरचा गजरा द्यायचा बेत आहे. पहिला तुझ्या केसांत माळीन, मग बघू कोण मोठी दिसते ते.

तुझी,
सरोज

कळंब, माघ वद्य ३

चि. सौ. सरोजिनीस आशीर्वाद.

पत्र वाचून हसले, पण तुझ्याकडं उतरता येणार नाही गं. कासारगल्लीत दोन खोल्यांचं घर पाहिलंय, तिथंच राहू. रागावू नकोस, आधी ऐक.

आमच्याकडं नियम फार. हे ज्या गावी मुन्सफ असतात त्या गावात कुणाकडं जेवत नाहीत, चहा घेत नाहीत, आणि त्यांच्यामुळं मीही नाही. इथं पहिल्या वर्षी एका वकिलांच्या बायकोनं लिंबाचं लोणचं पाठवलं. मी पानात वाढलं. त्यांनी विचारलं कुणाकडचं, मी सांगितलं, आणि तसंच ताटावरून उठून ती बरणी परत पाठवली. फोड चाखून झाली होती ती झालीच. त्या बाई अजून मला पाहिलं की तोंड फिरवतात.

आणि तुझं घर तर तहसीलदारांचं. सगळ्या तालुक्याला हुकूम तिथून सुटतात. कुणाला तो हुकूम अन्यायाचा वाटला तर तो माणूस यांच्यासमोर येणार. हुकूम देणारा आणि हुकूम तपासणारा एका पंगतीला बसलेले दिसले, तर तो गरीब कशाला येईल, असं हे म्हणतात. मला ते पटतं, फार एकटं वाटतं तेव्हासुद्धा पटतं.

आईची तब्येत बरी आहे, पण गुडघ्यांनी धरलंय. आता देवीच्या पायऱ्याही उतरवत नाहीत तिला. तुझी आठवण काढते.

तुझी ताई,
विमल

परंडा, फाल्गुन वद्य ५

ती. सौ. विमलताईस,

गावातल्या गावात टपाल लिहिणारी बाई परंड्यानं याआधी पाहिली नसेल. हे पत्र इरम्मा गुरवीण तुझ्याकडं फुलांच्या पुडीबरोबर देईल. ती आधी माझ्याकडं येते, मग तुझ्याकडं. निदान फुलांच्या बाबतीत तरी मी पहिली.

तू येऊन पंधरवडा उलटला. तुझी बैलगाडी आमच्या दारावरून गेली तेव्हा मी पुरणाचा स्वयंपाक करून उंबऱ्यात उभी होते. तू पडद्याआडून हात हलवलास आणि गाडी पुढं गेली. पुढं होळीची पोळीही आम्ही चौघांनीच खाल्ली. पोरी विचारतात, विमलमावशी रुसली का? त्यांना काय सांगू, मावशीच्या नाकापेक्षा मोती जड झालाय म्हणून?

साहेब हसण्यावारी नेतात. ते म्हणतात, इथून जरा पलीकडं बार्शीला इंग्रजी अंमल आहे, तिथं मामलेदारच शेतसारा घेतो आणि तोच फौजदारी खटला चालवतो. एका हातात पळी, दुसऱ्या हातात पंचपात्र. कुणाचं अडत नाही. आमच्या राज्यात मात्र वीस-बावीस वर्षांपूर्वी निजाम हुजुरांनी फर्मान काढून दोन्ही कामं वेगळी केली, आणि आता दोन साडूंना वाटेत भेटलं तरी नुसता आदाब करून पुढं जावं लागतं. इंग्रजांना जमलं नाही ते आम्ही केलं याचा त्यांना अभिमानही आहे बरं का, फक्त तो तुमच्यामुळं आमच्या घरावर पडायला नको होता.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू चैत्री पुनवेला मांडणार आहे. शंभर नियम असू देत. हळदीकुंकवाला कुठलं फर्मान लागत नाही. तू आली नाहीस तर गावातल्या बायका काय म्हणतील याचा विचार कर.

सरोज

परंडा, फाल्गुन वद्य ७

चि. सौ. सरोजिनीस,

येणार नाही. हवं तर रागाव, पण येणार नाही.

तुला वाटतं मी वरच्या पाटावर बसले आहे. अगं, संध्याकाळी तुझ्या ओसरीवरचं हसणं आमच्या माडीपर्यंत ऐकू येतं. तुझ्याकडं माणसांची जा-ये असते, चपराशी असतात, सणाला दहा पानं उठतात. आमच्या घरी कुणी येत नाही. येणाऱ्याचं काहीतरी काम असतं, आणि काम असलं की त्याला दारातूनच परत पाठवावं लागतं. कचेरीतून आल्यावर हे न्यायाच्या कामाबद्दल अक्षर बोलत नाहीत, आणि दुसरं बोलायला त्यांना येत नाही. तुझ्या पोरी शाळेला जाताना या गल्लीतून जातात, तेव्हा मी खिडकीच्या आत उभी राहते. धाकटीची वेणी तू तिरकी घालतेस. मला हेवा वाटतो सरोज. लग्नाला सात वर्षं झाली, माझ्याकडं वेणी घालायला कुणी नाही.

असो. तुझी पत्रं मी यांच्यापासून लपवत नाही, हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

विमल

परंडा, चैत्र वद्य २, शके १८६६

ती. सौ. विमलताईस,

हळदीकुंकू झालं. कैरीची डाळ पुरली, पन्हं उरलं. मोगरा असा फुलला की बायकांच्या ओंजळी भरल्या. गौरीसमोर आरास केली होती, झोपाळ्याला सोनचाफा लावला होता. आणि सगळी संध्याकाळ बोलणं कुणाचं? तुझं.

वकीलीणबाई म्हणाल्या, "मुन्सफीणबाई सख्ख्या बहिणीसारखी बहीण असून इथं आल्या नाहीत. असं घर पाहायला मिळत नाही." दुसरी म्हणाली, तुमच्या विमलताईंना पाहिलं की हात जोडावेसे वाटतात. हे सगळं माझा गजरा माळून, माझी डाळ खात. तू आली असतीस तर माझ्या शेजारी बसली असतीस. आली नाहीस तर माझ्या डोक्यावर बसलीस. तुळजापुरात तू घरात असायचीस म्हणून मी मागं पडायची. इथं तू घरात नव्हतीस तरी मागं पडले. हे कसं जमतं तुला?

आता दुसरी गोष्ट. ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. पानमळ्याच्या रुद्रम्मानं साहेबांवर भावोजींच्या अदालतीत अर्जी दिली आहे. विहिरीला कुलूप घातलं त्याला वरचा लेखी हुकूम नव्हता, साहेबांनी तोंडी सांगून घातलं, म्हणून ते सरकारचं नव्हे, तहसीलदार बाबूरावांचं स्वतःचं कुलूप आहे, असं तिच्या वकिलांचं म्हणणं. पानवेली जळताहेत म्हणे. जळत असतील, पण सरकारी माणसाच्या अब्रूचं काय? निकाल विरुद्ध गेला तर जिल्ह्याचे अव्वल तालुकदार साहेबांना जाब विचारतील. तू भावोजींना एवढंच सांग, की घरातलं माणूस आहे, जरा सांभाळून घ्या.

सोबत तुझी ओटी पाठवते आहे. खण, नारळ, तांदूळ आणि मोगऱ्याचा गजरा. डाळ पाठवली असती तर तू परत केली असतीस, हे मला कळतं. म्हणून मुद्दाम ओटीच पाठवली. सवाशिणीची ओटी कुणी परत करत नाही.

सरोज

परंडा, त्याच दिवशी, तिसरा प्रहर

चि. सौ. सरोजिनीस,

इरम्माच्याच हाती ओटी परत पाठवत आहे. खण, नारळ, तांदूळ, गजरा.

हे जेवायला आले होते. त्यांनी ओटीचं सूप पाहिलं आणि विचारलं. मी तुझं पत्र त्यांच्या हाती दिलं, न देण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "हे आजच जाऊ दे." बस, एवढंच बोलले. नारळ त्यांनी हातात घेतला आणि पुन्हा सुपात ठेवला. त्यांना वाईट वाटलं होतं.

तू ज्या कामाबद्दल लिहिलंस ते मी त्यांना सांगितलं नाही, सांगणारही नाही. त्यांनी वाचलं ते वाचलं. यापुढं अर्जीचा निकाल लागेपर्यंत मला लिहू नकोस.

देवी तुझं कुंकू राखो. हे परत करताना मी देवीसमोर उभी राहिले होते, एवढं ध्यानात ठेव.

विमल

परंडा, चैत्र वद्य ८

विमल,

ताई म्हणणार नाही. लिहू नकोस म्हणालीस, हे लिहून मग बंद करते.

मुन्सफसाहेबांनी काल भर अदालतीत काय केलं ते तुला घरी सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. इरम्माचा नवरा तिथं दाराशी होता, त्यानं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. रुद्रम्माची अर्जी पुकारल्यावर ते उठून म्हणाले की तहसीलदार बाबूराव माझे साडू आहेत, आणि अर्जी दाखल झाल्यानंतर त्यांच्या घरून माझ्या घरी ओटी आली होती, ती सगळी परत केली आहे. कुणाला हरकत असेल तर हे काम दुसऱ्या अदालतीकडं पाठवतो. वकील चाचरले. मुन्सफांचा पेशकार कागदांत मान घालून बसला. परंड्यातल्या सगळ्या पुरुषांना कळलं, की तहसीलदाराच्या बायकोनं लाच म्हणून ओटी पाठवली आणि ती फेकली गेली.

मग रुद्रम्माला विचारलं. ती म्हातारी पुढं आली आणि म्हणाली, "न्हाय, हितंच चालू द्या. मेव्हणीच्या घरी च्या प्यायला बी जात न्हाय त्यो मुन्सफ. त्येच्याम्होरं बोलाया मला भ्या कसलं?"

त्यावर सगळी अदालत हसली. माझ्या चहावर हसली, विमल. ज्या चहासाठी मी तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसले होते.

परत आलेला खण मी पेटीत तळाशी ठेवलाय. नारळ फोडवत नाही. आयुष्यात तुला मी काही पहिल्यांदा दिलं, ते तू परत केलंस.

सरोजिनी

परंडा, ज्येष्ठ शुद्ध ९

सौ. विमलताईस,

निकाल लागला, म्हणून लिहिते. तुझ्यापर्यंत पोचला नसेल, तुमच्या घरात तो शेवटी पोचतो.

आधी मुआयन्याचं सांगते. वैशाखात ऐन उन्हात भावोजी विहीर पाहायला चालत आले. बरोबर दोन्ही वकील आणि पेशकार. मी मागच्या पडवीत होते. विहिरीवर साहेबांचं कुलूप, कठड्याला काटे, आणि पलीकडं पानमळ्यात मांडवावर नुसत्या काळ्या दोऱ्या लोंबताहेत, वेल कुठला आणि वाळका दोर कुठला ते ओळखू येत नव्हतं. अलीकडं कुंपणाच्या आत माझा मोगरा पांढराशुभ्र. भावोजींनी कुंपणाला हात न लावता तिकडं पाहिलं आणि पुढं गेले. ताई, त्या क्षणी मला वाटलं की पृथ्वीनं पोटात घ्यावं. पाणी कुठल्या सरकारी कामाला जातंय हे विचारायची कुणाला गरजच राहिली नाही. ते तिथं फुललेलं होतं.

तरी मी गड्याकडून पन्हं पाठवलं. त्यांनी हात जोडून नको म्हटलं. रुद्रम्मानं ताक आणलं, तेही नको म्हटलं. मग खांद्याला लावलेला फिरकीचा तांब्या काढला आणि घरचं पाणी प्यायले. तो तांब्या मी ओळखला. मावशीचा. तुळजापुरात उन्हातून आलो की मावशी त्यातलं पाणी आधी तुझ्या ओंजळीत घालायची आणि मग माझ्या. लग्नात तो तुला दिला. माझ्या लग्नात नवा दिला, चांगला भारी, पण नवा.

निकाल असा, की लेखी हुकुमाशिवाय घातलेलं कुलूप हे हुकुमतीचं काम नाही, ते त्या माणसाचं खासगी काम आहे, म्हणून विहीर रुद्रम्माला तत्काळ मोकळी करावी. काल कुलूप निघालं. आमच्याकडं आता पखालवाला एकदा येतो. मोगरा चार दिवसांत माना टाकेल.

साहेब जेवत नाहीत. उस्मानाबादला अपील करणार म्हणतात. वकील म्हणतात, निकालात फट नाही, पण न्यायाधीशाच्या वागण्यात कुठं फट सापडली तर निकाल उलटेल. म्हणून शोध चालू आहे. मी मुद्दाम तुला हे कळवते. एकदा तरी तुझ्या घरची झोप माझ्यामुळं उडू दे.

सरोज

परंडा, ज्येष्ठ शुद्ध १२

चि. सौ. सरोजिनीस आशीर्वाद.

तुझ्या दोन्ही पत्रांतलं मला काही ठाऊक नव्हतं. आधीचं पत्र वाचल्यापासून तर मी घराबाहेर पडले नाही. यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, ते अदालतीतलं आहे. रुद्रम्मा काय बोलली हे मुन्सफाच्या बायकोला तहसीलदाराच्या बायकोकडून कळावं, असं आमचं घर.

तुम्ही फट शोधताहात. तर ऐक, ती माझ्याकडं आहे.

त्या दिवशी सुपातली ओटी परत करायला घेतली तेव्हा माझा हात निघेना. तू दिलेली ओटी, सरोज. लहानपणी भातुकलीतसुद्धा तू माझी ओटी भरायचीस, आणि मी ऐटीत पदर पुढं करायची. हे हात धुवायला गेले तेवढ्यात मी तांदळांतले चार दाणे उचलले आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. मग सूप इरम्माच्या हाती दिलं. त्यानंतर यांनी भर अदालतीत सांगितलं की सगळी परत केली. त्यांच्या तोंडून आयुष्यात एकदा खोटं गेलं, आणि ते माझ्यामुळं. त्यांना अजून माहीत नाही. मला सांगवत नाही. तुला सांगते, कारण दाणे तुझे आहेत. बाबूरावांना हे पत्र दाखवायचं असेल तर दाखव. मी नाही म्हणणार नाही.

दुसरं. ती गाठ मी देवघरात ठेवली होती. आणि आता मला तिसरा लागलाय. सात वर्षांनी. त्या दिवशी मलाही ठाऊक नव्हतं. दाण्यांमुळं झालं असं मी म्हणत नाही, यांच्या घरात तसं म्हणायची सोय नाही. पण मी मनात म्हणते.

आई तुळजापुराहून येऊ शकत नाही. तिसऱ्या महिन्यातली चोरओटी भरायला जवळचं बाईमाणूस लागतं. तू यायला हवी होतीस, पण अपील झालं की दावा जिवंत राहिला, आणि दावा जिवंत असेपर्यंत तुझं नावसुद्धा मला दारात घेता येणार नाही. शेजारच्या कासारकाकू म्हणाल्या, येत्या शुक्रवारी मी भरते. त्यांचं अदालतीत काही काम नाही. हो म्हणावं लागेल.

तुझ्या मोगऱ्याचं वाईट वाटलं. रुद्रम्माच्या वेलींचंही वाटलं. दोन्हींचं सारखं वाटलं नाही, ते मात्र खरं.

तुझी ताई,
विमल

परंडा, ज्येष्ठ शुद्ध १४

ती. सौ. विमलताईस सरोजचा नमस्कार.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, सापडली. विमलताई सापडली. चार दाण्यांत तुझं घर, भावोजींचं नाव, वकीलीणबाईंचे जोडलेले हात, सगळं माझ्या मुठीत. साहेब पुढच्या खोलीत वकिलांना काहीबाही लिहीत होते. मी पत्र घेऊन दारापर्यंत गेले. खोटं कशाला बोलू, गेले होते.

मग कासारकाकूंची ओळ पुन्हा डोळ्यांसमोर आली. तुझी पहिली चोरओटी कासारकाकू भरणार? त्यांचा आणि तुझा संबंध काय? तीन महिन्यांची शेजारीण. भातुकलीत तुझी ओटी मी भरली, खरी भरली तीही मी, परत आली तरी भरली मीच, आणि आता ऐन वेळी मान दुसरीला? ताई, आयुष्यात तुझा हेवा खूप केला, पण त्या बांगड्या भरणाऱ्या बाईचा जेवढा वाटला तेवढा तुझाही कधी वाटला नाही.

तुझं पत्र चुलीत घातलं. साहेबांना जाऊन म्हटलं, अपील करायचं नाही. ते म्हणाले, सरकारच्या अब्रूचा प्रश्न आहे. मी म्हटलं, "सरकारनं कुठं सांगितलं होतं कुलूप घाला म्हणून? मी सांगितलं होतं, मोगऱ्यासाठी. मला नको ती विहीर." त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, तालुकदारांना काय जबाब देऊ? मी म्हटलं, खरं लिहा, चूक झाली म्हणा, भावोजी भर अदालतीत खरं बोलू शकतात तर तुम्हांला काय झालं? भावोजींचं नाव काढलं की त्यांना झोंबतं. त्यांचाही हेवा काही कमी नाही. आज सकाळी त्यांनी वकिलांना नको म्हणून कळवलं. तेव्हा दावा मेला.

मोगरा मी माझ्या हातांनी उपटला. वाळून मरताना बघवत नव्हता. मग घागर घेऊन स्वतः रुद्रम्माच्या विहिरीवर गेले. तहसीलदारीणबाई घागर घेऊन आलेली पाहून मळ्यातल्या बाया उभ्या राहिल्या. रुद्रम्मा कठड्यावर बसली होती. मी म्हटलं, पाणी मिळेल का? ती म्हणाली, "कुलूप तुमचं व्हतं. पान्याला कुनाची ना न्हाय. घ्या की." आणि माझ्या हाताला रहाटाची सवय नाही हे बघून तीच दोर ओढू लागली. पानवेलींना खाली बुडख्याशी हिरवा कोंब दिसतोय. मी पाहिलं.

आता मुद्द्याचं. दावा संपला तरी तुमचा नियम राहणारच. तुझ्या घरी मी यायची नाही, माझ्या घरी तू यायची नाहीस. ठीक आहे. विहीर ना तुझं घर, ना माझं. ती एका तिऱ्हाईत बाईची आहे आणि तिथं पाणी भरायला सगळा गाव येतो. शुक्रवारी उजाडताच ये. भावोजींना सांगून ये, लपवून नको. पेटीच्या तळाचा तोच खण आणि तोच नारळ आणते. कासारकाकूंना सांग, पहिली ओटी ठरलेली आहे.

ते चार दाणे गाठीसकट घेऊन ये. आधी ते माझ्या हातावर ठेव. म्हणजे ओटी सगळी परत मिळाली असं कुठल्याही अदालतीत मी शपथेवर सांगू शकेन, आणि भावोजींचं बोलणं खरं ठरेल. मग त्या दाण्यांसकट तीच ओटी तुला पुन्हा भरीन. ती मात्र परत करायची नाही.

आणि येताना मावशीचा फिरकीचा तांब्या आण. त्यातलं पाणी या खेपेस आधी मी पिणार.

तुझी,
सरोज